चार बाजू मोजल्या, तरी चौकोन कळत नाही

घराच्या पायाची आखणी चालू असताना थोडा वेळ तेथे उभे राहावे. गवंडी जमिनीत चार खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो, लांबी-रुंदी टेपने मोजतो. समोरासमोरच्या बाजू बरोबर आल्या, तरी त्याचे समाधान होत नाही. तो टेपचे टोक एका खुंटीला धरून थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत नेतो, ते माप लक्षात ठेवतो आणि मग उरलेल्या दोन कोपऱ्यांमधले तिरपे अंतर मोजतो. ही दोन मापे जुळली, तरच जमिनीवर फक्की पडते. दाराची चौकट जोडणारा सुतारही नेमके हेच करतो. या दोघांपैकी कोणी भूमितीचे प्रमेय म्हणून दाखवील असे नाही. परंतु चौकोन केवळ बाजूंवरून ठरत नाही, ही गोष्ट दोघांनाही अनुभवाने पक्की ठाऊक असते.

शाळेत मात्र हाच विषय बहुतेकांच्या वाट्याला पाठांतर म्हणून येतो. चौरस, आयत, समभुज चौकोन, समांतरभुज चौकोन, समलंब चौकोन, पतंग अशी सहा नावे, प्रत्येकाची व्याख्या आणि प्रत्येकाचे चार-पाच गुणधर्म. ते पाठ करून झाल्यावर ‘चौरस हा आयत असतो काय?’ असा साधा प्रश्न विचारला, की वर्गात दोन तट पडतात. घरी पालकांना विचारावे, तर तेथेही एकमत होत नाही. गवंड्याची तिरपी मोजणी आणि वर्गातला हा वाद या वरवर पाहता दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पण त्यांचे मूळ एकच आहे. ते समजून घेतले, तर नावे पाठ करावी लागत नाहीत. आणि ते समजले नाही, तर नुकसान केवळ परीक्षेतील गुणांचे होते असेही नाही. शेताचे बांध मोजून व्यवहार ठरविणाऱ्याचे काही गुंठ्यांचेही होऊ शकते.

चार काठ्यांची गोष्ट

तीन काठ्या टोकाला टोक जोडून त्रिकोण केला, की तो हलत नाही. काठ्यांची लांबी ठरली, की कोन आपोआप ठरतात. दोन माणसांनी दोन निरनिराळ्या गावी बसून ५, ६ आणि ७ फूट लांबीच्या काठ्यांचे त्रिकोण केले, तर ते दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसतील. फार तर त्यांतला एक उलटा करून ठेवावा लागेल. छपराच्या कैच्या, विजेचे मनोरे आणि लोखंडी पूल यांत जागोजागी त्रिकोण दिसतात, ते त्याच्या या न हलण्याच्या गुणामुळेच.

चार काठ्यांचे तसे नाही. चार सारख्या लांबीच्या काठ्या टोकांशी सैल बांधून चौरस करावा आणि एका कोपऱ्याला हलकेच दाबावे. बाजूंची लांबी तसूभरही बदलत नाही. पण आकृती तिरकी होत जाते. दोन समोरासमोरचे कोन लहान होतात, दोन मोठे होतात आणि आतली जागा आकसत जाते. दाबत राहिले, तर शेवटी चारही काठ्या एकमेकींना चिकटतात आणि आत काहीच उरत नाही. जुनी लाकडी बाज खिळखिळी झाली, की अशीच तिरकी होते. लोखंडी फाटकाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी पट्टी जोडलेली असते, ती हे होऊ नये म्हणूनच. त्या पट्टीमुळे चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण हलत नाही. भूमितीत या तिरप्या रेषेला कर्ण म्हणतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि प्रत्येक त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते. म्हणून कोणत्याही चौकोनाच्या चार कोनांची बेरीज ३६० अंश भरते. दुसरी गोष्ट अशी, की त्रिकोण ठरविण्यास तीन मापे पुरतात, चौकोनाला मात्र पाच लागतात. चार बाजू आणि जोडीला एक कर्ण. किंवा तीन बाजू आणि दोन कर्ण. किंवा बाजू व कोन मिळून पाच. आठवीच्या भूमितीत चौकोन काढण्यासाठी नेहमी पाच घटक दिलेले असतात, त्यामागील कारण हेच. चौकोनांचे वर्गीकरण केवळ बाजूंवरून का करता येत नाही आणि कोनांचा विचार का करावा लागतो, याचेही उत्तर यातच आहे. (या लेखात चौकोन म्हणजे ज्याचा प्रत्येक कोन १८० अंशांहून लहान आहे असाच चौकोन गृहीत धरला आहे.)

बाजूंची शिडी आणि कोनांची शिडी

आता नावे जरा बाजूला ठेवू आणि आकृत्यांना दोन शिड्यांवर चढवू. पहिली शिडी बाजूंची. सर्वांत खालच्या पायरीवर असा चौकोन आहे, ज्याच्या बाजूंमध्ये काहीच नाते नाही. हा विषम चौकोन. त्याच्या वरच्या पायरीवर समान बाजूंच्या दोन जोड्या येतात. या जोड्या दोन प्रकारे मांडता येतात. समान बाजू एकमेकींच्या लगत ठेवल्या, तर पतंग तयार होतो. त्या समोरासमोर ठेवल्या, तर समांतरभुज चौकोन तयार होतो. येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. आपण बाजू फक्त समान ठेवल्या होत्या. त्या समांतर असाव्यात असे म्हटले नव्हते. समांतरपणा त्यांना आपोआप लाभतो. शिडीच्या वरच्या टोकाला चारही बाजू समान होतात आणि समभुज चौकोन मिळतो.

दुसरी शिडी कोनांची. येथेही खालून सुरुवात करू. समान कोनांच्या दोन जोड्या लगत ठेवल्या, तर दोन बाजू समांतर आणि तिरप्या बाजू सारख्या अशी आकृती मिळते. ती समद्विभुज समलंब चौकोन. समान कोनांच्या जोड्या समोरासमोर ठेवल्या, तर पुन्हा समांतरभुज चौकोनच मिळतो. आणि चारही कोन समान केले, तर ३६० अंशांची चार सारखी वाटणी होऊन प्रत्येक कोन ९० अंशांचा होतो. हा आयत. तीन कोन काटकोन असल्याची खात्री केली, तरी पुरते. चौथ्याला काटकोन होण्यावाचून गत्यंतर नसते.

या दोन शिड्या शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे सगळा पसारा एका दृष्टिक्षेपात येतो. बाजूंच्या शिडीवर पतंग, तर कोनांच्या शिडीवर समद्विभुज समलंब. बाजूंच्या शिडीच्या टोकाला समभुज, तर कोनांच्या शिडीच्या टोकाला आयत. मधली पायरी दोघींची एकच, ती म्हणजे समांतरभुज चौकोन. आणि जी आकृती एकाच वेळी दोन्ही शिड्यांच्या टोकाला पोहोचते, म्हणजे जिच्या चारही बाजू समान आणि चारही कोन समान, ती चौरस. गवंड्याची अडचणही येथे स्पष्ट होते. समोरासमोरच्या बाजू जुळल्याने तो समांतरभुज चौकोनापर्यंत, म्हणजे मधल्या पायरीपर्यंत आलेला असतो. आयताला लागणारा काटकोन बाजूंच्या शिडीवर नाहीच. त्यासाठी त्याला दुसऱ्या शिडीवर जावे लागते.

समलंब चौकोनाची सर्वसाधारण व्याख्या मात्र समांतरपणावरून केली जाते. समोरासमोरच्या बाजूंची एक जोडी समांतर असली, की तो समलंब. मराठीतील हे नाव मोठे अर्थवाही आहे. समांतर बाजूंमधले लंबांतर कोठेही मोजले, तरी सारखेच भरते, म्हणून समलंब. इंग्रजीत याच आकृतीच्या नावाचा बराच गोंधळ आहे. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे तिला ट्रॅपेझियम म्हणतात, अमेरिकेत ट्रॅपेझॉइड. आणि अमेरिकेत ट्रॅपेझियम हा शब्द एकही जोडी समांतर नसलेल्या चौकोनासाठी वापरला गेला. १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या चार्ल्स हटन यांच्या गणितविषयक कोशात या दोन शब्दांची अदलाबदल झाली आणि ती अमेरिकेत रुजली, असे मानले जाते. अमेरिकेत शिकणाऱ्या नातवंडाला भूमिती समजावून देणाऱ्या येथल्या आजोबांनी एवढे ध्यानात ठेवले, तर एक वाद टळेल.

चौरस हा आयत आहे काय?

आता त्या वादग्रस्त प्रश्नाकडे वळू. आयताची व्याख्या काय? ज्याचे चारही कोन काटकोन, तो आयत. चौरसाचे चारही कोन काटकोन असतात काय? असतात. मग चौरस हा आयत आहे. व्याख्येत ‘लगतच्या बाजू असमान असाव्यात’ अशी अट कोठेही नाही. त्याचप्रमाणे चौरसाच्या चारही बाजू समान असल्याने तो समभुज चौकोनही आहे. आणि आयत काय, समभुज काय, दोन्ही समांतरभुज असल्याने चौरस समांतरभुजही आहे. उलट दिशेने मात्र हे खरे नाही. हापूस हा आंबा असतो. पण प्रत्येक आंबा हापूस नसतो, तसेच हे.

ज्यांना हे पटत नाही, त्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये. त्यांच्या बाजूने एक फार मोठे नाव आहे. इ. स. पूर्व ३००च्या सुमारास युक्लिडने आपल्या भूमितीच्या ग्रंथात पहिल्याच भागात चौकोनांच्या व्याख्या दिल्या आहेत. त्याने चौरस, आयत, समभुज आणि समांतरभुज अशा चार जाती सांगितल्या आणि उरलेल्या सर्वांना एका पाचव्या नावाखाली ढकलले. त्याच्या व्याख्येनुसार आयत म्हणजे काटकोन असलेला, पण बाजू समान नसलेला चौकोन. आणि समभुज म्हणजे बाजू समान असलेला, पण काटकोन नसलेला चौकोन. त्याच्या मांडणीत चौरस हा आयत नव्हता. प्रत्येक आकृतीला एकच खण आणि एका खणातील आकृती दुसऱ्या खणात जायची नाही, अशी ती व्यवस्था होती.

आजच्या गणिताने ही व्यवस्था सोडली, ती सोयीसाठी. समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात, हे प्रमेय एकदा सिद्ध केले, की ते आयत, समभुज आणि चौरस या तिघांनाही लागू होते. पुन्हा तीन वेगळ्या सिद्धता देण्याची गरज उरत नाही. खण वेगळे ठेवले, तर प्रत्येक खणासाठी तेच काम नव्याने करावे लागते. शिवाय खिळखिळ्या चौकटीचा कोन हळूहळू बदलत नेला, तर समभुज चौकोन एका क्षणी चौरस होऊन पुन्हा पुढे सरकतो. त्या एका क्षणापुरते तो समभुज राहिला नाही, असे म्हणणे विचित्रच ठरेल. व्याख्या ही निसर्गाने दिलेली वस्तू नाही. ती माणसांनी कामासाठी केलेली ठरवाठरव आहे. मात्र एकदा ठरविल्यावर तिच्याशी प्रामाणिक राहावे लागते.

बोलीभाषेचा रिवाज वेगळा असतो, हेही मान्य केले पाहिजे. दुकानात आयताकृती टेबल मागितले आणि दुकानदाराने चौरस टेबल दाखविले, तर आपण नाराज होऊ. व्यवहारात आपण वस्तूला तिचे सर्वांत नेमके नाव देतो. गणितात नाव म्हणजे किमान अटींची पूर्तता. मुलांचा गोंधळ होतो तो या दोन रिवाजांच्या मध्ये. त्यांचे उत्तर केवळ चूक ठरविण्याऐवजी हा फरक उलगडून सांगितला, तर शंका कायमची फिटते. समलंब चौकोनाच्या बाबतीत तर पाठ्यपुस्तकांमध्येही एकवाक्यता नाही. ‘समांतर बाजूंची एकच जोडी’ अशी व्याख्या केली, तर समांतरभुज चौकोन समलंब ठरत नाही. ‘निदान एक जोडी’ असे म्हटले, तर ठरतो. म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वी आपल्या पुस्तकातील व्याख्या पाहणे हाच शहाणपणा.

कर्णांची साक्ष

चौकोनाची खरी ओळख पटवायची असेल, तर त्याच्या दोन कर्णांना प्रश्न विचारावेत. प्रश्न तीनच. कर्ण परस्परांना दुभागतात काय? त्यांची लांबी समान आहे काय? ते एकमेकांना काटकोनात छेदतात काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर चौकोन समांतरभुज आहे. पहिल्या आणि दुसऱ्याचे होकारार्थी असेल, तर तो आयत. पहिल्या आणि तिसऱ्याचे असेल, तर समभुज. तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला, तर चौरस. पतंगात एक कर्ण दुसऱ्याला काटकोनात दुभागतो; पण दुसऱ्याने पहिल्याला दुभागलेच पाहिजे असे नाही. हे पडताळून पाहण्यास दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या पुरतात. त्या बरोबर मध्यावर खिळ्याने जोडाव्यात आणि चारही टोके दोऱ्याने जोडावीत. पट्ट्या कशाही फिरवा, दोऱ्याचा आयतच होईल. आणि पट्ट्या एकमेकींना काटकोनात आल्या, की त्याच दोऱ्याचा चौरस होईल.

येथे एका सावधगिरीची गरज आहे. केवळ दोन्ही तिरपी मापे सारखी आली, म्हणून चौकट काटकोनी झाली असे समजू नये. समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात. खिडकीची वरची पट्टी खालच्या पट्टीपेक्षा बोटभर कमी असेल आणि दोन्ही उभ्या बाजू सारख्याच कललेल्या असतील, तर तिरपी मापे जुळतील आणि खिडकी तरीही चुकलेली असेल. म्हणून जाणता कारागीर आधी समोरासमोरच्या बाजू जुळवितो आणि मगच कर्णांकडे वळतो. पहिल्या मोजणीने समांतरभुज चौकोनाची खात्री होते, दुसरीने आयताची. वर्गात हे प्रमेय म्हणून शिकवितात. कामाच्या जागी ते हाताच्या सवयीत असते.

भास्कराचार्यांचा आक्षेप

आपल्याकडे चौकोनाचा विचार फार प्राचीन काळापासून झालेला आहे. यज्ञवेदींची मोजमापे सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत चौरसाला समचतुरस्र आणि आयताला दीर्घचतुरस्र म्हटले आहे. चतुरस्र म्हणजे चार कोपऱ्यांचा. आपला ‘चौरस’ हा शब्द त्यातूनच आला. आयताच्या कर्णावरील चौरस हा दोन्ही बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे बौधायनाच्या शुल्बसूत्रात आले आहे. काटकोन साधण्यासाठी दोरी वापरणाऱ्यांना कर्णाचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नसावे.

पुढे वर्गीकरण मुख्यतः बाजूंच्या आधारे होऊ लागले. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इ. स. ८५०च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात चौकोनाचे सम, द्विद्विसम, द्विसम, त्रिसम आणि विषम असे पाच प्रकार दिले आहेत. म्हणजे अनुक्रमे चारही बाजू समान, दोन-दोन समान, दोन समान, तीन समान आणि सर्व असमान. त्यापूर्वी, इ. स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचे सुप्रसिद्ध सूत्र दिले होते. चारही बाजूंच्या बेरजेचे अर्ध घ्यावे, त्यातून एकेक बाजू वजा करावी, येणाऱ्या चार संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढावे. सूत्र अचूक आहे. मात्र ते चक्रीय चौकोनालाच, म्हणजे ज्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येतात अशा चौकोनालाच लागू पडते. ग्रंथातील सूत्रात ही अट स्पष्ट शब्दांत येत नाही, त्यामुळे पुढे ते सरसकट वापरले जाण्याचा धोका निर्माण झाला.

हा धोका भास्कराचार्यांनी नेमका ओळखला. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांचे महाराष्ट्राशी असलेले नाते सर्वश्रुत आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या व त्यांच्या घराण्यातील विद्वानांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा त्यात उल्लेख आहे. ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त भास्कराचार्य विचारतात त्याचा आशय असा : एखादा लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ कसे विचारता येईल? चौकोनाची ही अनिश्चित स्थिती ज्याला कळत नाही, त्या प्रश्नकर्त्याला ते चक्क पिशाच म्हणतात. आणि असल्या प्रश्नाचे उत्तर देऊ करणाऱ्याला त्याहूनही मोठे.

केवळ टीका करून ते थांबत नाहीत, उदाहरणही देतात. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या. त्याचा एक कर्ण ३० धरला, तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६००. एक कर्ण १४ धरला, तर दुसरा ४८ येतो आणि क्षेत्रफळ ३३६. तोच चौकोन चौरस केला, तर क्षेत्रफळ ६२५. बाजू त्याच, परिमिती तीच. आतली जागा मात्र जवळजवळ अर्ध्यावर. समभुज चौकोन आणि चौरस ही दोन वेगळी नावे का लागतात, याचे याहून बोलके उत्तर शोधून सापडणार नाही.

बांध मोजणाऱ्याची चूक

भास्कराचार्यांचा आक्षेप आजही शेताच्या बांधावर तितकाच खरा आहे. जमिनीचा तुकडा चौकोनी असला, की चारही बांध मोजायचे, समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची आणि दोन सरासरींचा गुणाकार करायचा, ही ‘सोपी’ रीत अनेक जण वापरतात. रीत फार जुनी आहे. इजिप्तमध्ये एडफू येथील मंदिराच्या भिंतींवर, टॉलेमी राजांच्या काळातील जमिनींच्या नोंदीत, क्षेत्रफळे याच रीतीने काढलेली आढळतात. ब्रह्मगुप्तानेही ती दिली आहे. पण स्थूल, म्हणजे ढोबळ, असे स्पष्ट सांगून.

या रीतीतील चूक कधी जास्त, कधी कमी अशी होत नाही. ती नेहमी एकाच दिशेने होते : क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा जास्त येते. कारण समजण्यास सोपे आहे. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यात लगतच्या दोन बाजू आणि समोरचा कर्ण मिळून एक त्रिकोण होतो. असे चार त्रिकोण मोजले, तर चौकोन दोनदा मोजला जातो. यांतील प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळ त्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या अर्ध्याहून जास्त असू शकत नाही. कोपऱ्यात काटकोन असेल तेव्हाच ते बरोबर अर्धे भरते. म्हणून सरासरींचा गुणाकार खऱ्या क्षेत्रफळाइतका केवळ एकाच प्रसंगी येतो, चारही कोपरे काटकोनी असताना. म्हणजे आयत असेल, तरच रीत बरोबर. अन्यथा घेणाऱ्याचे नुकसान.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. समजा, एका शेताचे चार बांध क्रमाने ६०, ५२, २५ आणि ३९ मीटर आहेत. समोरासमोरच्या बांधांची सरासरी ४२.५ आणि ४५.५ मीटर, गुणाकार १,९३३.७५ चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा हे क्षेत्र १९ गुंठ्यांहून थोडे अधिक झाले.

आता कर्ण मोजू. ६० व ५२ मीटरचे बांध एका बाजूला आणि २५ व ३९ मीटरचे दुसऱ्या बाजूला येतील असा कर्ण घेतला आणि तो ५६ मीटर भरला. त्रिकोणासाठी नियम असा, की तीन बाजूंच्या बेरजेचे अर्ध घ्यावे, त्यातून एकेक बाजू वजा करावी आणि ते अर्ध व तीन बाक्या यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. २५, ३९ आणि ५६ या त्रिकोणात अर्ध ६०, बाक्या ३५, २१ व ४. क्षेत्रफळ ४२० चौरस मीटर. ६०, ५२ आणि ५६ या त्रिकोणात अर्ध ८४, बाक्या २४, ३२ व २८. क्षेत्रफळ १,३४४ चौरस मीटर. एकूण १,७६४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसतरा गुंठे. सोप्या रीतीने १७० चौरस मीटर जमीन कागदावर फुकट वाढविली होती.

आणि हे झाले सर्वांत चांगल्या परिस्थितीत. या चार बांधांत बसू शकणारे हे सर्वांत मोठे क्षेत्र आहे, कारण या आकारात शेताचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येतात. दिलेल्या बाजूंमध्ये जास्तीत जास्त क्षेत्रफळ चक्रीय चौकोनाचेच असते. याच लांबीचे बांध असलेल्या दुसऱ्या एखाद्या शेताचा तोच कर्ण ४० मीटर भरला, तर दोन त्रिकोणांची क्षेत्रफळे सुमारे ४६८ आणि १,०२५ चौरस मीटर येतात. बेरीज १,४९३, म्हणजे पंधरा गुंठ्यांनाही किंचित कमी. चारही बांध हुबेहूब सारखे, कागदावरचा सोपा हिशेब सारखाच, आणि प्रत्यक्ष जमिनीत अडीच गुंठ्यांहून अधिक तफावत. भावाभावांच्या वाटणीत किंवा खरेदीच्या बोलणीत एवढी तफावत वैराला पुरेशी होते.

म्हणूनच शास्त्रशुद्ध मोजणीत कधीही नुसत्या कडा मोजत नाहीत. जुन्या साखळी-मोजणीत शेतातून एक आधाररेषा काढून तिच्यापासून कोपऱ्यांची लंबांतरे घेत आणि तुकड्याचे त्रिकोण व समलंब चौकोन पाडून क्षेत्रफळ काढीत. समलंबाचे सूत्र सोपे असल्याने ते येथे हमखास उपयोगी पडे : समांतर बाजूंच्या बेरजेचे अर्ध गुणिले त्यांमधील लंबांतर. आज भूमी अभिलेख विभागाची मोजणी इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी आणि उपग्रहांच्या आधारे चालणाऱ्या रोव्हरने होते. त्यात प्रत्येक कोपऱ्याचे स्थानच निश्चित होते. स्थाने निश्चित झाली, की बाजू, कोन आणि कर्ण सर्वच निश्चित होतात. कायदेशीर कामासाठी अशी अधिकृत मोजणीच हवी. परंतु व्यवहाराची बोलणी करण्यापूर्वी स्वतः अंदाज घेणाऱ्यानेही चार बांधांच्या जोडीला निदान एक कर्ण मोजावा. पाचवे माप घेण्यास दहा मिनिटे लागतात आणि ते घेतल्यावाचून उरलेल्या चारांना फारसा अर्थ नसतो.

चौकोनांची नावे ही या पाचव्या मापाचीच निरनिराळी रूपे आहेत, असे म्हटले तर वावगे होणार नाही. ‘आयत’ असे म्हणताच आपण कोन सांगून टाकतो, म्हणून मग लांबी-रुंदी पुरते. ‘चौरस’ म्हणताच बाजू आणि कोन यांतील सर्व नाती सांगितली जातात, म्हणून एकच माप पुरते. नाव जितके अधिक सांगते, तितके मोजावे कमी लागते. आणि नाव चुकीचे दिले, तर मोजलेले सारे व्यर्थ जाते. मुलाने चौकोनांची व्याख्या पाठ केली की नाही, हे विचारण्याऐवजी त्याच्या हाती एक टेप द्यावी आणि घरातील दाराची चौकट खरोखर आयत आहे काय, हे शोधून काढण्यास सांगावे. बाजू मोजून झाल्यावर तो आपण होऊन तिरपे माप घेऊ लागला, तर त्याला हा धडा समजला असे खुशाल समजावे.